दुसऱ्याच्या घरचा पाळणा हलवताना

दुसऱ्याच्या घरात दुसरं मूल आणवायचं असेल तर आधी मुहूर्त बघावा. आमच्या सिंधुदुर्गात तो चतुर्थीचा. घर माणसांनी भरलेलं असावं, सून मोदकांची उकड मळत बसलेली असावी (हात गुंतलेले, उठून जायची सोय नाही) आणि आपण मुंबईहून कालच उतरलेले असावं. मग माजघराच्या दारात उभं राहून विचारावं, "काय गो, दुसरा कधी?"

आवाज पडवीपर्यंत पोचला पाहिजे.

तिने "एकच पुरे" म्हटलं तर टाळ शोधायला लागावं.

"आपली माणसा कमी होत चालली" हे जरूर म्हणावं. खोटं नाही ते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. फक्त माणसं गेली कुठे, हा विषय वाढवू नये, कारण आपण डोंबिवलीला परत जाणार असतो. स्वतःला एकच मुलगा असल्याचंही सांगत बसू नये.

आग्रह दोनाचाच धरावा. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि घरात एक तरी सरपंच हवा.

सून माझ्यासारखी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी असेल तर ती खर्चाचा हिशोब काढते. तेव्हा चिडून म्हणावं, "पोर म्हणजे काय फ्रिज आसा?" आमच्या चुलतसासऱ्यांनी असंच विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं, पण गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1960 मध्ये मुलांना टिकाऊ वस्तूंच्याच रांगेत बसवलं होतं. मुलं किती आणि प्रत्येकामागे खर्च किती, या दोन्ही गोष्टी आईबाप एकाच हिशोबात ठरवतात, म्हणजे पोरं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो, असं त्याचं म्हणणं. पुढे 1992 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं सगळंच सगळीकडे लागू पडतं असं नाही. इस्राएलमध्ये तपासलं तेव्हा जास्त भावंडं असल्याने शिक्षणाचं नुकसान झाल्याचं काही दिसलं नव्हतं. काकांनी नीट विचारलं असतं तर हा दाखला मीच त्यांच्या हातात दिला असता.

पण हुकमी वाक्य पुढेच आहे. "दुसरा काय, आपसूक वाढता. पयल्याचे कपडे, पयल्याची पुस्तका. खर्च कसलो?"

आपसूक! सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये याच आपसूक वाढीची उंची मोजून दाखवली आहे. आफ्रिकेतल्या मुलांशी तुलना केली तर आपली पहिली मुलं उंचच निघतात. दुसऱ्यापासून आपण मागे पडायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्याला आणखी मागे. कारण काय, तर पुढच्या पुढच्या खेपेला आईच्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, पोराकडे द्यायचं लक्ष, सगळंच आपल्याकडे फार भराभर आटतं, आणि त्यामागे थोरल्या मुलग्याचे लाड हे एक मोठं कारण. कपडे थोरल्याचे चालतात हो काका, दूध कसं चालेल? पहिल्या वेळी सातव्या महिन्यात मी एसटीने तपासणीला जात होते. दुसऱ्या वेळी कडेवर एक घेऊन जायचं, आणि तेव्हा तुम्ही डोंबिवलीहून व्हॉट्सॲपवर काय पाठवणार, बाळकृष्णाचा फोटो?

आता उपरोध पुरे, सरळच बोलते. जुलैमध्ये पोरीला ताप चढला, रात्री दोनला डोळे फिरवायला लागली. सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर नाहीत, जागा रिकामी. ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत, भर पावसात, धुक्यात गाडीच्या दिव्यांपुढचं चार हात दिसत नसताना आम्ही घाट चढून कोल्हापूर गाठलं. नवरा गाडी चालवत होता आणि मी पोरीशी बडबडत होते, ती झोपू नये म्हणून. हे सगळं काकांना फोनवर सांगितलं होतं. चतुर्थीला आले तेव्हा पोर त्यांच्या मांडीवर बसली होती. तिला कसं आहे, हे विचारलं नाही. दुसरा कधी, हे विचारलं.

लाज वाटत नाही? गावातल्या शाळेचा पट किती उरलाय, विचारलंत कधी? डॉक्टरच्या रिकाम्या जागेसाठी एक अर्ज केलात, मंडळाच्या वर्गणीच्या निम्म्या उत्साहाने तरी? माझं पोट हा तुमच्या आरतीनंतरच्या गप्पांचा विषय नाही. मोदक वाढलेत, तूप घ्या, आणि गप्प खा.