"परत वाचा ना" म्हणाली ती, आणि ते निघून गेले

सकाळची शाळा करून घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

दर शनिवारी आम्ही पाचजणी मनपा शाळेत गोष्टी वाचायला जातो हे तुम्हाला माहितीये. आज तिथे एका कंपनीची बस आली. चाळीस माणसं, सारखे टी-शर्ट, एकेका वर्गात सात-आठजण घुसले, एकजण वाचणार, एकजण पुस्तक धरणार, बाकीचे फोटो काढणार. दुसरीतली एक मुलगी गोष्ट संपल्यावर म्हणाली, "परत वाचा ना." तर तो दादा हसून म्हणाला, "आता पुढच्या वर्गात जायचंय बेटा." आणि गेले सगळे. बस, एवढंच झालं. पण माझ्या पोटात तुटलं.

कारण मला तो चाळीसगावकडचा मुलगा आठवला. आईवडील बांधकामावर, घरात अहिराणी, आणि वर्गात चार महिने तोंडातून शब्द नाही. दाराजवळ बसायचा. त्या बकरीच्या गोष्टीचं पुस्तक मी पाचव्यांदा की सहाव्यांदा वाचत होते, पोरांना पाठ झालेलं, बकरी गाव सोडून निघाली त्या पानावर मी नेहमीसारखी थांबले, आणि दाराजवळून आवाज आला, "कथा जाई ऱ्हायनी व माय?" पुस्तकातल्या बकरीला विचारत होता तो! वर्ग एक सेकंद गप्प, मग सगळी पोरं ओरडायला लागली कुठे चाललीये, कुठे चाललीये. मला पुढची ओळ वाचताच येईना.

पहिल्या वाचनाला तो बोलला नव्हता, तिसऱ्यालाही नाही. मग बारा मिनिटांत वर्ग बदलणाऱ्याला तो कसा ऐकू येणार होता सांगा मला.

आणि शाळेत जाऊन असं गोष्टी वाचणं वाढतंय याचा मला आनंदच आहे हो. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेनं २०१२ मध्ये 'वन डे वन स्टोरी' सुरू केलं, ८ सप्टेंबरला, साक्षरता दिनाच्या निमित्तानं देशभर व्हॉलंटियर पोरांना गोष्ट वाचून दाखवणार, केवढी सुंदर कल्पना. २०१५ मध्ये त्यांचंच स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आलं, मराठी गोष्टी फुकट उतरवून घ्या, छापा, हवं तर आपल्या बोलीत भाषांतर करून टाका. आम्ही सुरुवातीला पुस्तकं तिथूनच छापून नेली. त्याच वर्षीपासून आपल्याकडे १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही होतो. सगळं चांगलं आहे. पण मधले शनिवार कोण येणार? किती शाळा, किती मुलं, किती फोटो, हे रिपोर्टात लिहिता येतं. दाराजवळ बसलेला मुलगा कुठल्या रकान्यात लिहायचा?

बरं, मान्य, एक दिवस येणाऱ्यातलेच काही पुढे टिकतात. मीसुद्धा अशाच एका ८ सप्टेंबरला पहिल्यांदा गेले होते. आणि आजच्या चाळीसजणांनी वाईट काही केलं नाही, सुट्टीच्या दिवशी लवकर उठून आले बिचारे. मघाशी मी जरा जास्तच तापले होते. पण त्यांना कुणी सांगायला नको का, की पुस्तक पोरांकडे तोंड करून धरायचं, ओळीखालून बोट फिरवायचं, पान उलटायच्या आधी थांबायचं, आणि पोरगं परत वाचा म्हणालं की परत वाचायचं? परत वाचणं हेच तर काम आहे ना आपलं! तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना पुढे काय होणार ते माहीत असतं, मग भीती जाते, मग तोंड उघडतं. त्या मुलाचं तसंच उघडलं. नंतर दिवाळीनंतर साइट बदलली आणि कुटुंब गेलं. कुठे गेलं कुणाला माहीत नाही. शेवटच्या शनिवारी तो पुढच्या रांगेत बसला होता आणि माझ्या आधीच पान उलटत होता.

असो. बस गेल्यावर मी त्या मुलीपाशी बसले. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तिनं शेवटची ओळ माझ्याबरोबर म्हटली. घंटा झाली तेव्हा विचारते, "ताई, शनिवारी हेच?" मी हो म्हटलंय. पुस्तक पिशवीतून काढलेलंच नाहीये अजून.

पुण्यात पौड रोडच्या बाजूला राहणाऱ्या कुणाला निदान दिवाळीपर्यंत सगळे शनिवार जमणार असतील तर मेसेज करा. सकाळी साडेआठ ते साडेनऊ. आमच्याकडे तिसरीच्या वर्गाला माणूस नाहीये.