सरांचा आकडा तीन

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरदार वाद झाला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या नव्या प्रयोगशाळेला आमच्या जुन्या सरांचं नाव द्यावं, असं काही जणांनी सुचवलं. तासाभरात एकाने सरांच्या गूगल स्कॉलरच्या पानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "एच-इंडेक्स ३. एवढ्यावर लॅबला नाव? आपल्याच सोलापुरात दोन टक्क्यांच्या यादीतली माणसं आहेत की बे!" त्यावर पटापट अंगठे आले. मग कुणीतरी मला टॅग केलं : तू तिकडं आहेस, तूच सांग, तीन म्हणजे काय?

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये, बावीस नंबरच्या ट्रॅममध्ये होतो, ओला रेनकोट मांडीवर घेऊन. इतका राग आला की उतरायचा स्टॉप चुकला.

तीन म्हणजे काय ते आधी सांगतो. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हा हिशेब मांडला. तुमच्या किमान वीस शोधनिबंधांना प्रत्येकी किमान वीस वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. सरांच्या तीन निबंधांना प्रत्येकी तीन किंवा जास्त संदर्भ आहेत, म्हणून तीन. माझा चौतीस आहे. तो लिहिताना मला बरं वाटतं, हे मी लपवणार नाही.

आता ती दोन टक्क्यांची यादी, म्हणजे जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची. दरवर्षी ती आली की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत फोटो येतात, नव्या पेठेत फ्लेक्स लागतात, आणि सगळे तिला 'स्टॅनफर्डची यादी' म्हणतात. ते विद्यापीठ कुणाला निवडून मानपत्र देत नाही. तिथले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या डेटाबेसमधून ती काढतात. सहा निकषांचा मिळून एक गुण, त्यावरून क्रम. एका वर्षाची यादी वेगळी, संपूर्ण कारकिर्दीची वेगळी. स्वतःच स्वतःला किती संदर्भ दिले, त्याचाही रकाना तिच्यात आहे. फ्लेक्सवर यातलं काहीच नसतं. यादीतल्या काही माणसांचं काम मी वाचलंय आणि ते खरोखर चांगलं आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण सरांच्या पानाचा फोटो टाकणाऱ्याशी आहे, कारण ज्या निबंधांची त्याने मोजणी केली त्यांतला एकही त्याने उघडून पाहिलेला नाही.

रागाच्या भरात मी पहिलं उत्तर चुकीचं दिलं. लिहिलं, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांचा एच-इंडेक्स विचारला होता का कुणी? लगेच उत्तर आलं की कोटणीस रुग्णांवर उपचार करायला चीनला गेले होते, पेपर लिहायला नव्हे. बरोबरच होतं ते. मी चुकीच्या माणसाचा दाखला दिला होता.

दाखला द्यायला हवा होता तो पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष दाखवून देणाऱ्या शंभुनाथ डे यांचा. पटकी आमच्या जिल्ह्याला पुस्तकातून कळलेली नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं एकाच नदीवर उतरायची आणि वारीबरोबर पटकी गावोगाव परतायची. म्हणून तर वारकऱ्यांना लस टोचायचे. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला आणि तो विष सोडत असावा असा अंदाज केला. ते विष दाखवायला पंचाहत्तर वर्षं गेली. १९५९ साली कलकत्त्यातच डे यांनी जंतू गाळून टाकलेलं नुसतं द्रावण सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडलं, आणि आतडं पाण्याने फुगलं. 'नेचर'मध्ये तो निबंध आला, जेमतेम दोन पानांचा. पुढे कितीतरी वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. हयातीत देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने डे यांना फेलो केलं नाही. १९८५ साली ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर लेख लिहिला तो यूजीन गारफील्ड यांनी. संदर्भांची सूची ज्यांनी १९६४ साली सुरू केली आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, ज्यांच्या नावावर आहे, तेच हे गारफील्ड. मोजणीची ही सगळी विद्या ज्यांनी उभी केली, त्यांनाच सांगावं लागलं की या माणसाचं काम वेळेवर मोजलं गेलं नाही.

हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्याच्या पुढे इथलं लिहिलं. उत्रेख्त विद्यापीठाने २०२१ साली जाहीर केलं की नेमणूक आणि बढतीसाठी इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा नाही. एनडब्ल्यूओ या इथल्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या अर्जात आता निबंधांची लांबलचक यादी आणि एच-इंडेक्स चालत नाही. आपण काय केलं, ते का महत्त्वाचं, हे वाक्यांत लिहावं लागतं. मागच्या वर्षी मी एका निवड समितीवर होतो. आम्ही चौघांनी उमेदवारांचे निबंध खरोखर वाचले, दुपारभर बसून, ब्रोचे म्हणजे इथलं सँडविच खात. कुणी एकदाही आकडा उच्चारला नाही. तुम्ही मात्र अजून तिथंच अडकलात, असंही मी लिहून गेलो.

इथल्याच शंभरावर संशोधकांनी त्या निर्णयाविरुद्ध पत्र काढलं होतं, आकडे गेले की निवडीत मनमानी येईल असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी ग्रुपवर सांगितलं नाही. तेव्हा सोयीचं नव्हतं.

अक्कलकोट रोडला राहणाऱ्या, एका कॉलेजात शिकवणाऱ्या जुन्या मित्राने एवढंच लिहिलं, "तिकडं बसून काय सांगूलालास बे?" मग रात्री त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, २०१० साली यूजीसीने शिक्षकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. आठवड्याचे तास घ्यायचे, परीक्षा, नॅकच्या फायली, निवडणुकीची ड्यूटी, आणि वर पेपर. लॅबमध्ये निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, बंद. मग पैसे भरून कुठल्या तरी 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये छापून आणलं लोकांनी, मीही आणलं एकदा. नंतर मान्य नियतकालिकांची केअरची यादी आली, २०२५ मध्ये तीही गेली. "तुमच्याकडं आकडा काढून टाकला, कारण तुमच्याकडं पेपर वाचायला माणूस आणि वेळ आहे. आमच्याकडं आकडा काढला तर उरतं काय? साहेबाची मर्जी. निदान आकड्यापुढं जात चालत नाही, वशिला चालत नाही."

मी फोन ठेवला तेव्हा त्याच्यावरच चिडलो होतो. दोन दिवस चिडलेलोच राहिलो.

तो चुकीचा नाही, हे मला माहीत होतं. मला इथवर आणलं ते आकड्यानेच. २०१० साली मी इथे अर्ज केला तेव्हा सोलापूर म्हटल्यावर समोरच्याला काही कळत नव्हतं. चादर नाही, सिद्धेश्वराचं तळं नाही, आमचं कॉलेज तर नाहीच. पुण्यात पीएचडी करताना आलेले दोन निबंध, त्यांच्या नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर, एवढंच त्यांना वाचता येत होतं. ज्या शिडीने मी वर आलो, ती आता नको असं मी वरून सांगत होतो.

आणि त्या अर्जातून मी एक निबंध काढून टाकला होता. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. माझा आयुष्यातला पहिला निबंध, सरांबरोबरचा, २००३ सालचा. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. आषाढीच्या आठवड्यात सर आणि आम्ही तिघं पंढरपूरला चंद्रभागेचं पाणी आणायला जायचो. निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या, खाकी कागदाने बांधलेली बुचं, बर्फाचा डबा मांडीवर, आणि वारकऱ्यांनी खच्चून भरलेली एसटी. सर स्वतः गुडघाभर पाण्यात उतरायचे, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरायचे. कडेचं पाणी घेतलेलं त्यांना चालत नसे. रात्री लॅबमध्ये मॅकॉन्कीच्या नळ्या लावायचो, पाण्यात मैल्यातले जंतू किती ते बघायला. दोन दिवसांनी नळीतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा दिसला की सर काही न बोलता वहीत खूण करायचे. निकालाचा कागद ते स्वतःच्या अक्षरात लिहून, निबंध छापून येण्याच्या कितीतरी आधी, तिथल्या आरोग्य कार्यालयात नेऊन द्यायचे. ब्लीचिंग पावडर कुठे कमी पडतेय, ते त्यात असायचं. त्या कागदाला संदर्भ कोण देणार?

तो निबंध एका छोट्या भारतीय नियतकालिकात आला. त्याला आजवर दोन संदर्भ आहेत. एक माझाच, पीएचडीच्या काळातला. अर्जात तो ठेवला तर बाकीचे दोन निबंध फिके दिसतील असं मला वाटलं, म्हणून काढला. सरांना कळवलं नाही. माझ्या चौतीसमध्ये सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेला जो निबंध आहे, त्यावर साठाहून अधिक नावं आहेत. त्यातलं माझं काम म्हणजे नमुन्यांची प्रत तपासणं. ते मी नीट केलं, पण तो शोध माझा नाही.

गेल्या रविवारी सरांना फोन केला. ग्रुपवरचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. गुडघ्यांचं, पावसाचं बोलणं झालं. इथे जून असून स्वेटर घातलाय म्हटल्यावर हसले. मग त्या निबंधाचा विषय मीच काढला. सर म्हणाले, "बरं झालं आठवण काढलीस. त्यातल्या तक्ता दोनमध्ये चूक आहे. महाद्वार घाट, एकादशीचा दुसरा दिवस. १८०० पाहिजे, १८० छापलंय. मी संपादकांना पत्र लिहिलं होतं, दुरुस्ती काही आली नाही. कुणी विचारलं का रे तुला कधी?"

कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मलाही दिसलं नव्हतं. फोन ठेवून माळ्यावरची बॅग काढली, पिवळी पडलेली छापील प्रत शोधली. शेवटी कच्च्या तक्त्याचं पान टाचून ठेवलंय. महाद्वार घाटाच्या ओळीत १८० आहे, आणि अक्षर माझं आहे.