‘कडक बिटाशिवाय पोलोचा घोडा थांबत नाही’ : या दाव्यात खरं किती?

घोडेस्वारांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: पोलोत घोडा भरधाव असताना थांबवायचा असतो, म्हणून बिट (घोड्याच्या तोंडात बसणारं, लगामाला जोडलेलं धातूचं साधन) जितकं कडक तितका तो लवकर थांबतो, कडकपणा बिटात नसतो, हातात असतो, आणि घोड्याचं तोंड मिटलेलं असेल तर त्याला काही त्रास नाही.

‘कडक बिटाने घोडा लवकर थांबतो’

थांबायचं काम मागचे पाय करतात. नीट थांबणारा घोडा पुठ्ठे खाली घेतो आणि मागचे पाय पोटाखाली आणतो. तोंडात अचानक कळ आली की नेमकं उलट होतं. मान वर जाते, जबडा उघडतो, पाठ खचते, मागचे पाय मागेच राहतात आणि घोडा पुढच्या पायांवर आदळत, जास्त अंतर खाऊन थांबतो. काही घोडे तर दुखलं की आणखी जोरात पळतात. मग ‘हा ओढतो’ म्हणून त्याहून कडक बिट येतं. चक्कर (सामन्याचा एक डाव) संपत आली की लगामावर भार टाकणारा घोडा बहुतेक वेळा दमलेला असतो. त्याला नवं बिट नको, विश्रांती हवी. खेळाडूने घोडा बदलावा.

‘कडकपणा हातात असतो’

हे अर्धंच खरं, आणि म्हणूनच जास्त घातक. पेलम हे तरफेसारखं चालणारं बिट घ्या. बिटाच्या दांड्यापासून वरची कडी ४ सेंमी आणि खालची ८ सेंमीवर असेल, तर खालच्या लगामावर २ किलो ओढ आली की हनुवटीखालच्या कर्ब चेनवर सुमारे ४ आणि जबड्यावर सुमारे ६ किलो भार पडतो. हात तोच, पण भार तिप्पट. हा भार जिथे पडतो ती जागा म्हणजे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी कड. तिथे हाडावर फक्त पातळ त्वचा असते. वारंवार दाब आला की हाडाचं आवरण सुजतं आणि पुढे हाडावर टोकं वाढतात.

गॅग या दुसऱ्या प्रकारच्या बिटाचं काम निराळं. गालाचा पट्टा बिटाच्या कडीतल्या भोकांतून सरकतो, त्यामुळे लगाम ओढला की दांडा तोंडात वर चढतो आणि डोक्यावरचा पट्टा खाली दाबतो. ओठांचे कोपरे आणि डोक्याचा माथा यांमध्ये घोडा अडकतो. खरी खोट सुटण्यात आहे. पट्टा कोरडा किंवा कडक असेल तर हात सैल केल्यावरही दांडा लगेच खाली येत नाही. घोडा थांबतो, पण त्याचं बक्षीस त्याला मिळत नाही. त्यात गॅग डोकं वर नेतो आणि स्टँडिंग मार्टिंगेल (नाकावरच्या पट्ट्यापासून पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत जाणारा पट्टा) ते खाली धरून ठेवतो. आखूड मार्टिंगेल असेल तर घोड्याला जायला जागाच उरत नाही.

आता हाताकडे या. पोलोत डाव्या एका हातात चार लगाम, उजव्या हातात मॅलेट (चेंडू मारायची काठी), डावीकडचा फटका मारताना कमरेपासून पिळलेलं अंग, आणि वर बाजूच्या घोड्याची धडक. अशा क्षणी उत्तम खेळाडूचाही तोल लगामावर जातो. बिट निवडताना हात सर्वांत वाईट असतो तो क्षण धरावा.

‘तोंड मिटलेलं आहे, म्हणजे त्रास नाही’

नोजबँड, म्हणजे नाकावरून जाणारा पट्टा, घट्ट असेल तर तोंड मिटलेलंच राहणार! नाकाच्या हाडावर, समोर मधोमध, मोठ्या माणसाची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गालाच्या बाजूने बोटं घालून मोजलं तर फसगत होते, कारण तिथे मऊ जागा असते. घट्ट पट्ट्याने गाल वरच्या दाढांच्या धारदार बाहेरच्या कडांवर दाबले जातात आणि आतून सोलतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

ब्रिटनमध्ये पोलो चालवणाऱ्या हर्लिंगहॅम पोलो असोसिएशनच्या नियमांत तोंडातला दांडा गुळगुळीत आणि सर्वांत बारीक जागीही किमान ६.५ मिमी जाडीचा असावा, अशी अट आहे. म्हणजे ‘सगळं हातावर’ हे खेळ चालवणाऱ्यांनाही मान्य नाही.

लगाम काढल्यावर रोज पाहायचं ते हे: ओठांच्या कोपऱ्यांत चीर, हनुवटीखाली केस गेलेली जागा, जिभेच्या कडा आणि खालची बाजू. मग दातांमधल्या मोकळ्या जागेत बोट घालून दोन्ही बाजूंची कड चाचपायची. एक बाजू खडबडीत लागली किंवा घोड्याने डोकं झटकलं, तर पशुवैद्याला दाखवेपर्यंत बिट नाही.

सौम्य बिटाकडे जायचं असेल तर आधी दात आणि पाठ तपासून घ्या, मग नोजबँड सैल करा, आणि बिट सर्वांत शेवटी बदला. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. सुरुवात चालीवर, मग ट्रॉटवर (दुडकी चाल): आधी अंग मागे तोलून बसायचं, मग लगाम, आणि घोड्याने ऐकताच हात सैल. कँटरवरून (संथ दौड) असा थांबू लागला की एकट्याने चेंडू मारण्याचा सराव. सामना त्यानंतर.