‘न विचारता जाहिराती बंद केल्या’: एकच स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार वाचली. लॅपटॉप फॉरमॅट मारायला दिला, आम्ही न विचारता त्यात ब्रेव्ह हा जाहिराती आपणहून अडवणारा ब्राउझर टाकला, आणि घरी जाऊन तुम्ही स्वतःची पाककृतींची साइट उघडली तर एकही जाहिरात दिसेना. जाहिरातींचं खातंच बंद पडलं असं समजून दोन दिवस जिवाला घोर. ‘दुकानदाराने पोटावर पाय दिला’ असं तुम्ही लिहिलंय.

विचारलं नाही ही चूक आमचीच. बिलावर नुसतं ‘विंडोज + सॉफ्टवेअर’ लिहून मोकळे झालो. लॅपटॉप हातात देताना पोराने एक वाक्य बोलायला हवं होतं. माफ करा.

पण ‘ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारी सोय) ज्याचा त्याने टाकावा, ब्राउझरने आधीच चालू करून देऊ नये’ हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. ज्याला सेटिंग कळतं तो बंदही करू शकतो. ज्याला कळत नाही त्याचं काय? मागे एक निवृत्त गुरुजी आले होते. प्रिंटरचा ड्रायव्हर हवा होता. पानावर चार ‘डाउनलोड’, त्यातलं खरं एकच, तेही सगळ्यात बारीक अक्षरात. त्यांनी अर्थातच मोठं हिरवं दाबलं. मग लॅपटॉप उघडला की कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’, मिटवलं की पुन्हा हजर. त्यांना एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची ॲडब्लॉकरसारखी सोय, हे कुठून समजावू? सर्चमधल्या जाहिरातींतून लोक बनावट साइटवर जाऊन फसतात म्हणून डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा ॲडब्लॉकर वापरा असं सांगितलं होतं.

शिवाय प्रायव्हसीचं नाव सांगणाऱ्या ब्राउझरला जाहिरातीला हात लावावाच लागतो. आपल्याला चित्र दिसतं, पण बऱ्याचदा त्याआधी, पान उघडता उघडता, त्या जागेचा लिलाव झालेला असतो. कोणतं पान, साधारण कोणतं गाव, कोणता फोन, हे बोलीत उतरणाऱ्या सगळ्या कंपन्यांना कळतं. लग्न एकाशी, पत्रिका गावभर.

ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर मात्र ॲडब्लॉकर ठेवत नाही, आणि त्याच्याइतका सोवळा ब्राउझर मला माहीत नाही. कारण ऐकण्यासारखं आहे: काय काय अडवायचं याच्या आपापल्या याद्या प्रत्येकाने लावल्या की त्या फरकावरूनच माणूस ओळखू येतो. टॉरवाल्यांनीच मुलवाड या व्हीपीएन कंपनीबरोबर 2023 मध्ये जो ब्राउझर काढला त्यात यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर सगळ्यांना सारखाच, आधीपासून. म्हणजे ठेवा तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको. ‘ज्याचा त्याने टाकावा’ हा तुमचा मार्गच लपायला सगळ्यात वाईट.

ब्रेव्ह धुतल्या तांदळाचा आहे असं नाही. 2020 मध्ये काही क्रिप्टो साइट्सचे पत्ते टाईप केले की हा गुपचूप स्वतःच्या कमिशनचा कोड जोडतो, हे उघडकीला आलं. त्यांनी चूक मान्य करून ते बंद केलं, पण आपण लक्षात ठेवायचं.

तुमच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही, बायकोच्या भावाची अशीच छोटी साइट आहे, तेव्हा रडगाणं घरीही ऐकतो. एक सांगतो: ब्रेव्ह त्याच्या मूळ सेटिंगमध्ये मुख्यतः बाहेरच्या कंपन्यांकडून येणारं अडवतो. तुमच्याच साइटवर ठेवलेलं साधं चित्र सहसा तसंच दिसतं. गावातल्या मसालेवाल्याशी थेट बोलून त्याचा फोटो लावलात तर तो दिसेल, आणि मधल्या दलालाचा वाटाही वाचेल.

तूर्तास पत्त्याच्या पट्टीत सिंहाचं चिन्ह आहे, ते दाबून तुमच्या साइटपुरतं अडवणं बंद करा. ब्रेव्ह नकोच असेल तर फायरफॉक्स टाकून देतो, तो 2019 पासून ट्रॅकर, म्हणजे आपण कुठे कुठे फिरतो यावर पाळत ठेवणारे कोड, आपणहून अडवतो, जाहिराती मुद्दाम अडवत नाही. पैसे लागणार नाहीत. आता बिलाच्या पावतीवर ‘ॲडब्लॉकर: हो / नको’ अशी ओळ छापून घेतलीय, सहीसकट.

सोमवारी दुकान बंद असतं, एरवी रात्री नऊपर्यंत या.