ट्रम्प म्हणे शब्दाचे पक्के!

यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘ट्रम्प शब्दाचा पक्का. व्यापार असो की सीमा, भूमिका कधी बदलली नाही. शेतकऱ्याला कसं जपावं, हे आपल्या पुढाऱ्यांनी त्याच्याकडून शिकावं.’

आयात शुल्काचा नाद जुना आहे, हे कबूल. 1987 पासून ते जपानच्या नावानं खडे फोडत होते. पण मेक्सिको-कॅनडाशी 2018 मध्ये नवा व्यापार करार त्यांनीच केला, जिकडं तिकडं मिरवला आणि 2025 मध्ये त्याच दोघांवर 25 टक्के शुल्क लादलं. निमित्त सीमेचं अन् फेंटानिल या नशेच्या औषधाचं. दोन दिवसांत करारात बसणाऱ्या मालाला सूटही दिली!

सीमेचं तर विचारूच नका. बेकायदा आलेल्यांनी आपणहून परत जावं, हे त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचं धोरण 2012 मध्ये ट्रम्पना वेडेपणाचं वाटलं होतं. 2025 मध्ये त्यांचंच सरकार आपणहून जाणाऱ्याला हजार डॉलर देऊ लागलं.

आता शेतकरी जपण्याचं. चीनशी भांडण काढल्यावर अमेरिकी सोयाबीनचा बाजार बसला, तेव्हा 2018 मध्ये 12 अब्ज आणि पुढच्या वर्षी 16 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. जपलं म्हणा, पण आधी खड्ड्यात घालून. आणि त्याच 2018 मध्ये अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत हरकत कशावर घेतली? आमच्या कापसाच्या हमीभावावर. स्वतःची मदत ती मदत, आमचा हमीभाव मात्र बाजार बिघडवणारा.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत भारतीय मालावर 50 टक्के शुल्क बसलं. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून दिल्लीनं 19 तारखेपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. शेतात अजून सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजासुद्धा व्हायची होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 8110 रुपये, पण पहिल्या वेच्याच्या कापसात 12 टक्क्यांवर ओलावा निघाला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावरून गाडी परत. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

राहिलं आपल्या पुढाऱ्यांनी शिकायचं. शेतकऱ्यांसाठी भिंतीसारखा उभा आहे, असं पंतप्रधान लाल किल्ल्यावरून बोलले ते 15 ऑगस्टला. कापसावरचं शुल्क गेलं चौथ्या दिवशी. यांना अमेरिकेची शिकवणी कशाला लागते?