कोळंबीला ८० गुण कसे द्यावेत

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा, बंदरावर जायचं ते जून-जुलैत.

एखाद्या बंदरातली कोळंबीची मासेमारी 'शाश्वत' आहे की नाही हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलंय, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करणं चुकत नाही. तसा नियमच आहे. पण नियमात महिना लिहिलेला नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. बोटी वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्री, जाळी शेडमध्ये, खलाशी आपापल्या गावी. वास नाही, पायाखाली खवले नाहीत, कोणी 'बाजूला व्हा' म्हणून ओरडत नाही. तुम्ही छत्री धरून जेटीवर उभे राहा, चार फोटो काढा आणि लिहा : 'बंदीचे काटेकोर पालन होत असल्याचे पथकाने प्रत्यक्ष पाहिले.' यात खोटं काय आहे? एकही बोट पाण्यात नव्हती. बारीक मासळी दिसली नाही, कासव दिसलं नाही, टोपलीसुद्धा दिसली नाही. ऑक्टोबरात गेलात तर पहाटे चारला उठावं लागेल, आणि लिलावाच्या वेळी जे दिसतं ते एकदा दिसलं की अहवालाबाहेर ठेवायला फार मेहनत पडते.

आता परीक्षेचं स्वरूप. या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली पाटी म्हणजे मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल. मासे विकणारी युनिलिव्हर आणि निसर्ग जपणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ या दोघांनी मिळून १९९७ साली ती लंडनमध्ये उभी केली. तिचा निळा शिक्का पाकिटावर असला की युरोपातलं गिऱ्हाईक कोळंबी निश्चिंत मनाने उचलतं. शिक्क्यामागे तीन तत्त्वं आहेत : माशाचा साठा शिल्लक आहे का, समुद्रातलं बाकीचं गोकुळ शाबूत आहे का, आणि कारभार धड चाललाय का. तत्त्वांच्या पोटात निकष. २०१४ च्या आवृत्तीत ते २८ होते. प्रत्येक निकषाला शंभरपैकी गुण. एकाही निकषाला ६० च्या खाली जाता येत नाही, आणि प्रत्येक तत्त्वाची सरासरी निदान ८० लागते.

ऐकून छातीत धस्स झालं असेल, तर तुम्ही मुंबई विद्यापीठात शिकलेले नाही. ६० ते ८० च्या मधे अडकलेला निकष नापास होत नाही, त्याला 'अट' लागते. साधारण पाच वर्षांत सुधारून दाखवतो, असं लिहून द्यायचं आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. आपल्याकडे याला एटीकेटी म्हणतात. विषय राहिला तरी वर्ग पुढे सरकतो. कासवांच्या विषयात एटीकेटी, समुद्रतळाच्या विषयात एटीकेटी, मात्र 'माहितीचे व्यवस्थापन' या पेपरात ९५ पडले की सरासरी सावरते. माहिती नसली तरी चालेल, व्यवस्थापन हवं. फक्त एक पथ्य पाळा. भरपाई त्याच तत्त्वाच्या आत करावी लागते. कासवाचे कमी पडलेले गुण कारभाराच्या खात्यातून आणता येत नाहीत. एवढा कडकपणा त्यांनी ठेवलाय, तो मान्य करायला हवा.

परीक्षेचा खर्च कोण करतं, असा प्रश्न एखादा कुजकट पत्रकार विचारेल. शांतपणे सांगा : विद्यार्थीच करतो. कौन्सिल स्वतः गुण देत नाही, गुण देणारी कंपनी स्वतंत्र असते, आणि तिचं बिल अर्ज करणारे भरतात, म्हणजे बोटमालकांची सोसायटी किंवा कोळंबी परदेशी पाठवणारा व्यापारी. क्लासवाल्यानेच बोर्डाचे पेपर तपासावेत तसं हे वाटतं खरं. पण तुमचा अहवाल बाहेरचे तज्ज्ञ वाचतात, तो लोकांसमोर ठेवला जातो, हरकत घ्यायलाही वाट आहे. हरकत घेणाऱ्याने ती इंग्रजीत, निकषाचा क्रमांक घालून, मुदतीत घ्यायची एवढंच. मासळी निवडणाऱ्या बायकांकडून अशा हरकती फारशा येत नाहीत.

खरं कसब पुढे आहे. कोळंबीचं ट्रॉल जाळं तळावरून फरफटत जातं आणि वाटेतलं सगळं उचलतं. कोळंबीसोबत मांदेली, बोंबील, खेकडे, माकूल, शिंगाडा, आणि ज्यांची नावं फक्त आजीला ठाऊक आहेत असे बोटभर मासे. थंड समुद्रात एका जाळ्यात पाच-दहा जाती निघाल्या तर खूप झालं. आपल्या समुद्रात शंभराच्या आसपास सहज निघतात. अहवालाच्या दृष्टीने हे संकट नाही, वरदान आहे. कारण एकूण वजनात एखादी जात साधारण ५ टक्क्यांच्या वर गेली तरच ती 'मुख्य' ठरते आणि तिचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. (नाजूक, उशिरा वाढणाऱ्या जातींना २ टक्के.) शंभर जाती असल्या की बहुतेक कोणीच ५ टक्के गाठत नाही. सगळे किरकोळ. जाळ्यात निम्म्याहून जास्त माल किरकोळांचा असला तरी वेगवेगळा धरला की प्रत्येक जण किरकोळच. लग्नाच्या पंगतीत कोणी एकाने जेवण संपवलं असं म्हणता येतं का?

'समुद्रात किती मासळी फेकून देता?' हा प्रश्न तर तुमच्या बाजूने आहे, तो आवर्जून विचारा. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, खरं बोलेल : 'फेकायचं कशाला साहेब, सगळं विकलं जातं.' मोठं हॉटेलात, मधलं बाजारात, चिमुकलं फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यात. त्या चिमुकल्यात पुढच्या वर्षीचा पापलेट असतो, हे खरं. पण नासाडी शून्य. 'शून्य' हा आकडा अहवालात फार देखणा दिसतो.

साठ्याबद्दल माहिती नाही? उत्तम. कोळंबीचं आयुष्य जेमतेम वर्षाचं, एक मादी लाखांनी अंडी घालते, पिलं खाडीत वाढून समुद्रात जातात. असा जीव जोखमीच्या तक्त्यात नेहमी हिरव्या रंगात येतो. आकडे नसले तर जोखमीवर आधारलेली पद्धत वापरायला नियमानेच मुभा आहे. संबंधित लोकांना एकत्र बसवा आणि अंदाज विचारा. सभा तालुक्याच्या ठिकाणी, हॉलमध्ये, सकाळी अकराला ठेवा. त्या वेळी मासळीवाल्या बायका बाजारात असतात आणि निर्यातदाराचा मॅनेजर मोकळा असतो. बटाटेवडे चांगल्या हॉटेलातून आणा. पुढे एखाद्या वर्षी कोळंबी आटली, तर पावसाकडे बोट दाखवा. पावसाला अजून कोणी अट घातलेली नाही.

कासवांच्या बाबतीत मात्र जपून. हा विषय लोकांना आवडतो. वेळासला दरवर्षी कासव महोत्सवाला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे वाळूत उकिडवी बसून पिलं पाण्यात जाताना बघतात आणि डोळे पुसतात. तीच पिलं मोठी होऊन ट्रॉलमध्ये शिरली तर श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि बुडून मरतात. हवेत श्वास घेणारा प्राणी समुद्रात बुडून मरतो, हे लोकांना पटकन खरं वाटत नाही, ते तुमच्या पथ्यावर. त्यावर उपाय आहे. जाळ्यात तिरकी जाळी-चौकट बसवायची, वर झडप ठेवायची, कासव बाहेर आणि कोळंबी आत. याला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल असा टेड कधीच तयार केला. अमेरिकेने टेडशिवायची कोळंबी नको म्हटलं, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हातात हात घालून जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेले. १९९८ मध्ये निकालही आला. भारत आणि पाकिस्तान एका बाजूला उभे राहिले, ते कासवाविरुद्ध. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात का नाही, कळत नाही.

मालक म्हणतील, टेडमधून कासवाबरोबर चांगली मासळीही निसटते. वाद घालू नका. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली चौकट दाखवायला सांगा. ती नवी कोरी असेल, गंजाचा ठिपकाही नसेल. फोटो काढा. 'उपकरण सुस्थितीत आढळले.' चौकोनी आसाच्या (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळ्याचंही तेच करा. नेहमीचं तिरक्या आसाचं जाळं ताण पडला की मिटतं आणि पोरंबाळं आतच अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो आणि लहानगे निसटतात. ही साधी गोष्ट कळायला पदवी लागत नाही. म्हणूनच अहवालात तिला दोन परिच्छेद द्या आणि खाली अट लावून टाका.

एक सावधगिरी. बैठकीत ओरेगॉनचं नाव कोणी काढू देऊ नका. अमेरिकेच्या त्या राज्यातली गुलाबी कोळंबी (ही जात तरुणपणी नर असते आणि पुढे मादी होते, पण तो वेगळा विषय) २००७ च्या डिसेंबरात जगातली पहिली प्रमाणित कोळंबी ठरली. तिथल्या जाळ्यांत युलाकॉन नावाचा छोटा तेलकट मासा अडकायचा. २०१० मध्ये तो धोक्यातल्या जातींत गेला. त्यावर तिथल्या लोकांनी, म्हणजे सरकारी शास्त्रज्ञ आणि बोटवाले यांनी मिळून, जाळ्याच्या पुढच्या खालच्या दोरीवर हिरवे एलईडी दिवे बांधून पाहिले. एका बोटीच्या एका जाळ्यावर दिवे, दुसऱ्यावर नाही, आणि मग दोन्ही ढीग मोजले. युलाकॉन सुमारे ९० टक्के कमी. हेच दिवे मागे, नको तो मासा बाहेर सोडणाऱ्या चौकटीपाशी बांधले, तर उलट जास्त मासा आत आला. तेही त्यांनी लिहून ठेवलं. २०१८ पासून दिवे सक्तीचे झाले.

समजलं ना धोका कुठे आहे? मोजलं, चुकलं, पुन्हा मोजलं. असली उदाहरणं सभेत आली की कोणीतरी विचारणार : 'आपण का नाही मोजत?' त्यावर 'आपला समुद्र उष्ण कटिबंधातला आहे, इथे ते जमत नाही' हे उत्तर तयार ठेवलं असेल, तर त्याचाही उपयोग नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामने २०११ मध्ये उष्ण समुद्रातल्या छोट्या कोळंबीवरच शिक्का मिळवला. तिथे बोटीच्या दिवसाच्या मासळीवर नजर असते; ती ठरलेल्या पातळीखाली गेली की समुद्रातले दिवस कापले जातात. सुरीनामचं नाव आपल्या बंदरात फारसं कोणाला माहीत नाही, हे आपलं नशीब. ओरेगॉनबद्दल विचारलंच, तर सांगा की आपल्याकडे एलईडी दिव्यांना २०१७ पासून बंदी आहे. ती बंदी दिव्याने मासळी गोळा करून उपसण्यावर आहे आणि तिकडचे दिवे मासळी हाकलायला आहेत, हा फरक चहा येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

राहता राहिली ती बाई. प्रत्येक बंदरावर असते. जेटीच्या टोकाला पिशवीवर बसलेली, समोर खाडीतल्या कोळंबीचा ढीग, डोळे तुमच्यावर आणि बोटं ढिगावर. मोठी इकडे, मधली तिकडे, करंदी, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वेगळी. चाळीस वर्षं हेच करते आहे. ऑगस्टातली करंदी आणि दिवाळीतली करंदी यात काय फरक आहे, कोणती खाडी भरल्यावर कोळंबी कमी झाली, पूर्वी दोन तासांत भरणाऱ्या टोपलीला आता किती वेळ लागतो, हे सगळं तिला विचारलं तर पाच मिनिटांत सांगेल. विचारू नका. तिच्या उत्तराला तक्त्यात रकाना नाही. तिच्यापुढून जाताना मोबाइलवर बोलत जा.

तरी ती हाक मारतेच. 'काय रं बाला, कोलबी मोजाला आयलास?' हसून मान डोलवा. मग म्हणेल, 'मंग पावसात कशाला आयलास? पावसात कोन मोजतंय?' इथे पाय उचला. थांबलात तर ती तिच्या सासूच्या वेळची कोळंबी हातावर दाखवेल, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि ते माप कुठल्याही निकषात बसत नाही.

पिशवीभर सोडे देईल. घ्या. ते कोणत्या बोटीचे, कोणत्या जाळ्यातले, बोटीपासून पाकिटापर्यंतच्या शिक्क्याच्या साखळीत बसतात की नाही, याचा विचार गाडीत बसल्यावर करू नका. सुक्या मासळीच्या वासात तसाही तो होत नाही. अहवाल ३१ जुलैच्या आत पाठवून द्या. १ ऑगस्टला बोटी सुटतील. पहिली बोट भरून परत आली की कोणीतरी उत्साहाने तुम्हाला ढिगाचा फोटो पाठवेल. दोन-तीन दिवस फोन बंद ठेवा.