बॅटरी संपली तरी ब्रेक लागतोच

बेळगावातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवरून एक मेसेज फिरतोय: 'इलेक्ट्रॉनिक गिअरच्या रोड बाइक ऑटोमॅटिक असतात, चढ-उतार ओळखून गिअर स्वतः पडतो. पावसात शॉक बसतो. कुणीही मोबाइलवरून हॅक करतं. घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला तर ब्रेक दाबू नका, सिस्टिम लॉक होऊन सायकल उलटते.' हा मेसेज खानापूरला आमच्या अक्कापर्यंत पोचला आणि तिनं भाच्याची सायकल कुलपात घातली. दाजीही तिच्याच बाजूचे. म्हणून लिहायला बसलो.

आधी ब्रेकचं बघू, कारण ते वाक्य कुणाचा तरी जीव घेईल. चोर्ला घाटाच्या उतारावर लाल दिवा बघून ज्यानं ब्रेकवरचा हात काढला, त्याला पुढचं वळण मिळणारच नाही. गिअरची बटणं आणि ब्रेकचा लिव्हर एकाच जागी असतात, घोळ बहुतेक तिथंच झालाय. लिव्हर दाबला की नळीतलं तेल पुढं ढकललं जातं आणि कॅलिपरचे, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्याचे, पिस्टन पॅड डिस्कवर दाबतात. यात वीज कुठंच नाही. बॅटरी फक्त डिरेलरची, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची, मोटर फिरवते. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या मॅन्युअलमध्येच दिलंय: चार्ज संपत आला की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मग मागचा, आणि सायकल शेवटी टाकलेल्या गिअरवर राहते. म्हणजे फार तर कणकुंबीकडचा चढ जड गिअरवर रेटावा लागेल. पटत नसेल तर स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा वायरलेस गिअर सेट असलेली सायकल घ्या, डिरेलरवरची बॅटरी काढा, मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबतं. मेसेज पुढं ढकलण्याआधी एवढं तरी करायचं होतं!

'ऑटोमॅटिक' म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, मान्य. शिमानोच्या सिंक्रो मोडमध्ये मागचे गिअर बदलत गेलात की ठरावीक टप्प्यावर पुढची चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) आपसूक बदलते. पण सुरुवात तुमच्या बोटानंच होते. चढ ओळखून स्वतः गिअर टाकणं काही ई-बाइकना जमतं. शिमानोच्या ड्युरा-एस किंवा अल्टेग्रा या रोड बाइकच्या सेटमध्ये ते नाही.

शॉकचं तर बोलूच नये. बॅटरी 7.4 व्होल्टची. 2021 ची पॅरिस-रूबे शर्यत पावसात, चिखलात झाली, रायडरांचे चेहरे ओळखू येत नव्हते, आणि सोनी कॉल्ब्रेली शिमानोच्या याच इलेक्ट्रॉनिक, म्हणजे डीआयटू, गिअरवर जिंकला.

हॅकिंगचं मात्र उडवून लावता येत नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न आणि सॅन डिएगोच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी शिमानोच्या वायरलेस गिअरचा सिग्नल टिपून तोच पुन्हा सोडून दाखवला. त्यासाठी खास रेडिओ उपकरण लागलं, अंतर सुमारे 10 मीटर, आणि बदलला तो गिअर. ब्रेकला हात लागला नाही. कंपनीनं त्यावर दुरुस्ती काढली आहे. ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांनी शिमानोच्या ई-ट्यूब अ‍ॅपवरून फर्मवेअर (गिअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यावं.